टू-स्ट्रोक क्वाड जाम झाली : किट बदलण्याआधी पिस्टन वाचा

रानात क्वाड (चार जाड चाकांची उघडी गाडी) चांगली पळत असते. मग इंजिनाचा आवाज थोडा पातळ होतो, जोर कमी पडतो, मागची दोन्ही चाकं एकदम धरतात आणि गाडी घसरत जाऊन थांबते. किक मारून बघावी तर जागची हलत नाही. अशा वेळी जो भेटेल तो एकच सांगतो, 'ब्लॉक-पिस्टन टाकून घ्या.' किट टाकलं की गाडी चालूही होते. पण पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकला, याचा अर्थ तेल, पेट्रोल, हवा किंवा थंडावा यांतल्या कशाचा तरी हिशोब चुकला होता. ती चूक तशीच राहिली तर नवं किटही काही दिवसांत त्याच जागी धरतं आणि पैसे दोनदा जातात. धरलेल्या पिस्टनवर कारणाच्या खुणा उमटलेल्या असतात, म्हणून तो भंगारात टाकायच्या आधी नीट बघायचा.

सोलापूरकडे रिसॉर्ट आणि कृषी पर्यटनाच्या ठिकाणी फिरणाऱ्या मोठ्या क्वाड बहुतेक फोर-स्ट्रोक असतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. दोरी ओढून सुरू होणाऱ्या मुलांच्या ४९-५० सीसीच्या क्वाड, हौसेने सांगाड्यात बसवलेलं आरएक्स १०० चं इंजिन, किंवा कुणाकडे असलीच तर बाहेरून आलेली यामाहा ब्लास्टर २०० किंवा बॅन्शी, ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी, पेट्रोलबरोबरच तेल जाळणारी. सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबाच्या बागेत टू-स्ट्रोक फवारणी पंप वापरत असाल तर त्याचा पिस्टनही हीच भाषा बोलतो.

आधी खात्री : इंजिनच जाम आहे ना?

किक किंवा दोरी हलत नाही एवढ्यावरून इंजिन जाम ठरवू नका. गिअरबॉक्समध्ये तुटलेला दात अडकला, किकचा गिअर मध्येच बसला, सेल्फचा गिअर मागे सरकला नाही, दोरीच्या पुलीतली खिट्टी अडकली, चेन स्प्रॉकेटवरून उतरून केसिंगमध्ये रुतली, तरी बाहेरून अगदी असंच दिसतं.

गाडी न्यूट्रल करा आणि मागे-पुढे ढकलून बघा. क्वाडचा मागचा ॲक्सल बहुधा सरळ असतो, त्यामुळे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. न्यूट्रलमध्येही ती फिरत नसतील तर ब्रेक, चेन, ॲक्सलचं बेअरिंग किंवा गिअरबॉक्स बघा, इंजिनाकडे नंतर वळू. लहान क्वाडला गिअर नसतो, तिथे सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. तिची चाकं इंजिन बंद असताना मोकळीच फिरायला हवीत.

मग प्लग काढा. हे काम फुकटचं आहे आणि बरंच काही सांगून जातं. गाडी ओढ्यातून गेली असेल किंवा पेट्रोलचा कॉक रात्रभर उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साचतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पिस्टन वर येऊ शकत नाही, आणि प्लग काढताच इंजिन मोकळं होतं. भोकावर फडकं धरा, तोंड बाजूला ठेवा आणि हळू फिरवा, सगळं बाहेर येईल. या वेळी प्लगची वायर बाजूला नेऊन बॉडीला टेकवून ठेवा. पेट्रोलच्या फवाऱ्याशेजारी ठिणगी पडली तर आग लागेल.

प्लग काढूनही काही हलत नसेल तर दोरीचं किंवा मॅग्नेटचं कव्हर काढा, सेल्फ असेल तर सेल्फ मोटारही उतरवा. मॅग्नेटच्या नटाला गोटी पाना लावून हाताने जोर द्या, तोही घट्ट करायच्या दिशेने. उलट्या दिशेला दिलात तर नटच सुटेल. पान्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. हाताच्या जोराने थोडंसं हलून पक्कं थांबत असेल, तर पिस्टनच्या वाटेत काहीतरी आलंय किंवा गिअर अडकलाय. एक मिलिमीटरही हलत नसेल तर पिस्टन किंवा क्रँकचं बेअरिंग धरलंय.

गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणं, ट्रॅक्टरला बांधून ओढणं, किकवर दोघांनी उभं राहणं, यातलं काहीही करू नका. धरलेला पिस्टन ओढला की रिंग पोर्टमध्ये (ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकून तुटते. ज्या ब्लॉकला नुसतं बोरिंग पुरलं असतं तो मग बादच होतो.

न खोलता आत डोकावणं

प्लग हातात आहेच, तो उजेडात धरा. टोक पांढरंफटक किंवा फोड आल्यासारखं दिसत असेल तर इंजिन फार गरम चाललं होतं, मिश्रणात पेट्रोल कमी होतं. पोर्सेलिनवर (प्लगच्या टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर) राखाडी, चमकणारे बारीक ठिपके असतील तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी हेड उघडण्यावाचून पर्याय नाही. प्लग काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोल कमी पडल्याचा संशय मागे पडतो. प्लगचा नंबरही वाचून ठेवा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा मोठा तसा गरम. एका कंपनीच्या प्लगऐवजी दुसरीचा 'तोच आकडा' बसवला तर गफलत इथेच होते.

पुढची खिडकी सायलेन्सरची. त्याचे दोन नट काढून तो खाली घेतला की ब्लॉकच्या तोंडातून पिस्टनची सायलेन्सरकडची बाजू आणि रिंगा समोर दिसतात. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा असेल तर प्लगच्या भोकातूनही आत बघता येतं, नसेल तर टॉर्च आणि छोटा आरसा चालतो. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगेवर पसरलेली चांदीसारखी धातू दिसली की निदान निम्मं झालं. पिस्टन स्वच्छ आणि गुळगुळीत दिसतोय तरी क्रँक हलत नाही, तर संशय मेन बेअरिंगवर किंवा कनेक्टिंगच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) खालच्या बेअरिंगवर जातो. तसं असेल तर नुसता ब्लॉक काढून भागणार नाही, क्रँककेस फोडावी लागेल. मेकॅनिकशी पैशांचं बोलणं करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

गंजून धरलं की तापून धरलं?

हा फरक गाडीचा इतिहासच सांगतो. चालता चालता थांबली तर तापून. दिवाळीला लावून ठेवली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी काढली तर हललीच नाही, तर गंजून. आपल्याकडे पाऊस बेताचा असला तरी उघड्यावर उभ्या गाडीच्या सायलेन्सरमधून आणि एअर फिल्टरमधून ओल आत शिरते. ब्लॉकच्या आतल्या बिडाच्या नळीला, म्हणजे लायनरला, गंज चढतो आणि रिंगा त्याला चिकटतात.

गंजलेल्या इंजिनाला घाई चालत नाही. प्लगच्या भोकातून ३० ते ५० मिली गंज सोडवणारं पातळ तेल टाका, किंवा डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं मिसळून टाका. निदान एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटच्या नटावरून घट्ट करायच्या दिशेने अगदी थोडा जोर द्या, तेल पुन्हा टाका, पुन्हा थांबा. मोकळं झालं म्हणून लगेच सुरू करू नका. गंजाची पूड आणि खड्डे पडलेला लायनर नव्या रिंगाही खातो, तेव्हा ब्लॉक उतरवून बघायचाच.

तापून धरलेलं इंजिन पुष्कळदा गार झाल्यावर आपोआप सुटतं. पंधरा-वीस मिनिटांनी किक लागते, गाडी चालू होते, 'काही झालं नाही' म्हणून मालक पुढे जातो. पण पिस्टनचं ॲल्युमिनियम लायनरवर चिकटलेलं असतं आणि रिंगा खाचेत दबून बसलेल्या असतात. कॉम्प्रेशन गेज लावला तर ते लगेच कळतं. चांगल्या टू-स्ट्रोकला साधारण १२० पीएसआयच्या आसपास दाब मिळतो, नव्वदच्या खाली गेला तर रिंगा किंवा पिस्टन गेले असं धरून चालावं. प्रत्येक मॉडेलचा कंपनीचा आकडा वेगळा असतो, तो मिळाला तर तोच खरा. मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

ब्लॉक उतरवताना

इंजिन पूर्ण गार असू द्या. हेडचे नट तिरपे-समोरासमोर, एकेक पाव फेरा करत सैल करा. एकाच बाजूचे आधी सोडले तर हेड वाकतं. हेड निघालं की पिस्टनचं डोकं दिसेल. त्याचा फोटो काढा आणि अजून काहीही पुसू नका.

पिस्टन ब्लॉकमध्ये धरलेला असेल तर पातळ तेल सोडून थांबा, मग लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हलकं ठोका. लोखंडी हातोडी थेट पिस्टनवर मारली तर कनेक्टिंग वाकेल. ब्लॉक वर सरकायला लागला की पूर्ण काढायच्या आधी खालच्या फटीत स्वच्छ सुती कापड कोंबा, म्हणजे रिंगेचा तुकडा किंवा पिनचं लॉक क्रँककेसमध्ये पडणार नाही. कापड विणीत घट्ट असावं. घरात सोलापुरी टॉवेल ढिगाने असले तरी ते इथे नकोत, त्यांचे दोरे सुटून बेअरिंगमध्ये जातात.

पिस्टन काढण्याआधी त्याची कोणती बाजू सायलेन्सरकडे होती ते मार्करने लिहा. डोक्यावर बाण असतो आणि बहुतेक इंजिनांत तो सायलेन्सरकडे असतो. पण काजळीत तो दिसत नाही, आणि पुढचं सगळं वाचन बाजूंवरच अवलंबून आहे.

खुणांचं वाचन

पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बहुधा बिडाचा, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला की त्याचा व्यास साधारण ०.१ मिमी वाढतो. पिस्टन आणि लायनर यांच्यात गार असताना मोकळीक असते ती एअर-कूल्ड इंजिनात ०.०४ ते ०.०६ मिमीच्या घरात. ब्लॉकही तापून फुगतो म्हणून गणित जमतं. पिस्टन ब्लॉकपेक्षा फार पुढे गेला की मोकळीक संपते, तेलाचा पापुद्रा फुटतो आणि धातू धातूला चिकटतो. तो कुठे चिकटला यावरून आधी काय चुकलं ते कळतं.

चार कोपऱ्यांवर ओरखडे, म्हणजे पिनच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना पुढे-मागे अशा चार उभ्या पट्ट्या, असतील तर पिस्टन ब्लॉकच्या आधी फुगला. या जागी पिस्टनची धातू जाड असते, म्हणून फुगवटा इथे आधी टेकतो. इंजिन सुरू करून लगेच थ्रॉटल पिळला किंवा बोरिंग करणाऱ्याने मोकळीक कमी ठेवली की असं होतं. पिस्टन नवा असेल तर मोकळीक आधी मोजा.

फक्त सायलेन्सरकडच्या बाजूला ओरखडे, आणि डोकं त्या बाजूने जास्त भाजलेलं, ही मिश्रण पातळ झाल्याची खूण. पेट्रोल कमी, हवा जास्त. सायलेन्सरच्या पोर्टसमोरचा भाग पिस्टनवरचा सगळ्यात गरम भाग असतो, म्हणून पहिला फटका तिथेच बसतो. याची कारणं बरीच आहेत. मेन जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य बारीक भोकात) कचरा, फ्लोटची पातळी कमी, पेट्रोलचा कॉक अर्धवट बुजलेला, कार्बोरेटरच्या रबरी मॅनिफोल्डला चीर, मॅग्नेटकडचं ऑइल सील गेलेलं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही विसरू नका. आपल्या धुळीत ते बुजतं, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल हळूहळू येईनासं होतं. गाडी सुरुवातीला ठणठणीत चालते आणि दहा मिनिटांनी धरते. तपासणी अगदी साधी. कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावा आणि एक मिनिट बघा. धार बारीक होत गेली आणि झाकण उघडताच मोठी झाली, तर चोर सापडला. हे इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत करायचं.

सगळ्या बाजूंनी ओरखडे, आणि त्याबरोबर पिनच्या बेअरिंगला निळसर-तपकिरी रंग आलेला, म्हणजे तेलच पोचलं नाही. पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) टाकायचं राहिलं, किंवा ऑइल पंप असलेल्या गाडीत पंपाने दगा दिला. असं झालं असेल तर क्रँकही संशयित. तेल न मिळाल्याचा त्रास पिस्टनइतकाच खालच्या बेअरिंगला होतो.

कार्बोरेटरकडच्या बाजूला स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा रिंगांखालचा भाग, मळकट, मंद, बारीक उभ्या रेघांनी भरलेला आणि खाली झिजून पातळ झालेला असेल तर ती धूळ. ज्वारीच्या रानातली वाळलेली काळी माती पावडरीसारखी बारीक असते. फिल्टरचा स्पंज कोरडा असेल किंवा त्याची कड नीट बसली नसेल तर ती सरळ आत जाते. असं इंजिन एका दिवसात धरत नाही, आधी कित्येक दिवस पिस्टन वाजत असतो. मॅनिफोल्डमध्ये बोट फिरवून बघा, आत करकर लागली तर फिल्टर गाळत नव्हता. फिल्टर रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवा, फिल्टरचं तेल लावून पिळा. तेलाशिवाय स्पंज धूळ धरत नाही.

डोक्याच्या कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे किंवा कड खाल्लेली, मधोमध भोक पडलेलं, हे ठोक्याचं काम. पेट्रोल वेळेआधी भडकतं. टायमिंग पुढे गेलंय, प्लग जास्त गरम आहे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, नाहीतर मिश्रण फार पातळ आहे.

आणि एकच खोल उभी रेघ, बाकी पिस्टन चांगला? मग उष्णतेचा काही संबंध नाही. पिनचं लॉक निसटलं, किंवा रिंगेची खिट्टी सुटून रिंग फिरली आणि तिचं टोक पोर्टमध्ये अडकलं. लॉक पुन्हा वापरण्याच्या काटकसरीचा हा हमखास परिणाम. दोन रुपयांची वस्तू असली तरी दरवेळी नवं टाकायचं आणि त्याची फट वर किंवा खाली ठेवायची, आडवी नको.

पिस्टनवर एकाहून जास्त खुणा दिसणं नेहमीचं आहे. अशा वेळी सर्वात खोल कोणती हे विचारण्यापेक्षा आधी कोणती झाली हे विचारा. कार्बोरेटरकडून धुळीने झिजलेला पिस्टन शेवटी सायलेन्सरकडे धरतो, आणि दोष जेटवर ढकलला जातो.

ऊन, थंडी आणि आजचं पेट्रोल

सोलापुरात गाडी जाम झाली की सगळे मे महिन्याच्या उन्हाला शिव्या देतात. ते निम्मंच खरं आहे. ४२-४३ अंशांत हवा विरळ असते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण उलट थोडं जाड होतं. ऊन मारतं ते थंडाव्याला. क्वाडचं इंजिन सीटखाली दडलेलं असतं, वाळूत आणि चिखलात वेग कमी असतो, हवा लागत नाही. त्यात काळ्या मातीचा चिखल फिनमध्ये वाळून बसला की ब्लॉकला जणू घोंगडीच पांघरली. दरवेळी फिन धुवा, पाण्याची बारीक धार मारून आणि कडक ब्रशने, पण गरम इंजिनावर नाही.

मिश्रण पातळ होण्याचा धोका जास्त आहे जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांतल्या सकाळी. थंड हवा दाट असते, तीत ऑक्सिजन जास्त. मे महिन्यात कुणी 'ॲव्हरेज वाढवायला' मेन जेट एक नंबर लहान केला असेल, तर तो जेट थंडीत पिस्टन खातो. शिवाय थंडीत इंजिन न तापवता पळवलं की चार कोपऱ्यांचं दुखणंही जोडीला.

पेट्रोलचंही बघू. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला इथेनॉल काही नवं नाही, पण जुन्या टू-स्ट्रोकला ते नवंच. पूर्ण जळण्यासाठी एक किलो साध्या पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. म्हणून जुन्या जेटवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल वापरलं तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. प्लग पांढरा पडत असेल तर मेन जेट एक-दोन नंबर मोठा करून बघणं रास्त आहे.

त्याहून वाईट गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढतं. ठराविक मर्यादेपलीकडे पाणी झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. कार्बोरेटर तळातून ओढतो. म्हणजे तेल बरोबर मोजून टाकलेलं असूनही इंजिनाला बिनतेलाचं पाणी मिळतं. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर सगळं ओतून द्या. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरापेक्षा जास्त साठवू नये, ते यासाठीच.

तेलाचं माप डब्याच्या झाकणाने नाही, मापाने. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली, पाच लिटरला १२५ मिली. ५०:१ म्हणजे लिटरला २०, २५:१ म्हणजे लिटरला ४०. लहान ४९ सीसी क्वाडवर बहुतेकदा २५:१ लिहिलेलं असतं, ते पाळा. निम्म्या पेट्रोलमध्ये तेल टाकून हलवा, मग उरलेलं ओता. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असं छापलेलं टू-टी घ्या. फोर-स्ट्रोकचं २०डब्ल्यू-४० यात चालत नाही. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ही एअर-कूल्ड इंजिनासाठी नाही. 'जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित' हाही गैरसमज आहे. तेल वाढलं की जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, मिश्रण पातळच होतं, वर सायलेन्सरमध्ये काजळी साचते.

हवेची गळती : हे सोडू नका

सायलेन्सरकडच्या बाजूने धरलेल्या पिस्टनचं कारण जेटमध्ये सापडलं नाही तर दाब देऊन बघायचं. अनेक ठिकाणी हे केलंच जात नाही, आणि दुसऱ्यांदा जाम होण्याचं मोठं कारण इथेच लपलेलं असतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबरी बुचाने किंवा ट्यूबचा तुकडा आणि पत्रा लावून बंद करा. कार्बोरेटरच्या बाजूला रबरी मॅनिफोल्ड जागेवरच राहू द्या, बुच त्याच्या तोंडात बसवा, म्हणजे त्याचीही परीक्षा होते. प्लग बसवा, पिस्टन अगदी खाली ठेवा म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर एक होतात. एका बुचातून नळी घालून हवा भरा. दाब ६ पीएसआय पुरे, दहाच्या वर गेलात तर चांगली सीलंही निसटतील. खास उपकरण नसलं तर जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा चालतो, ३०० चा आकडा म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय.

काटा मिनिटाला एक पीएसआयपेक्षा, म्हणजे बीपीच्या काट्यावर पन्नासपेक्षा, जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी हेड, ब्लॉकखालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड आणि मॅग्नेटमागचं सील इथे लावा, बुडबुडे जागा दाखवतात. कुठेच नाहीत आणि दाब तरी जातोय, तर क्लचकडचं सील. गिअरबॉक्सच्या तेलाच्या तोंडातून हवेचे बुडबुडे येतील. हे सील गेलेली गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअर ऑइल हळूहळू गायब होतं.

धरलेल्या इंजिनावर ही तपासणी ब्लॉक मोकळा करून तात्पुरता जोडून करता येते. नवं किट बसवल्यावर, गाडी सुरू करण्याआधी तर ती करायचीच.

क्रँक, बोरिंग आणि जोडणी

ब्लॉक उतरलेला असताना कनेक्टिंग धरून सरळ वर-खाली ओढा. जराही खेळ जाणवता कामा नये. डावी-उजवी थोडी सरकणं चालतं. क्रँक हळू फिरवताना खरखर लागली तर मेन बेअरिंग बदला. रिंगेचा तुकडा हरवला असेल तर तो सापडेपर्यंत इंजिन पुन्हा जोडू नका, मग क्रँककेस फोडावी लागली तरी चालेल.

लायनरवर चिकटलेली चांदी सगळी खोल ओरखडे असतीलच असं नाही. नखाने अडत नसेल आणि फक्त ॲल्युमिनियम चढलेलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने ते उतरतं आणि होनिंग (बोअर आतून बारीक दगडाने घासणं) करून त्याच मापात रिंगा चालतात. नख अडत असेल तर बोरिंग. ओव्हरसाइज पिस्टन बहुतेकदा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीमध्ये मिळतात. आधी पिस्टन घ्या, तो बोरिंगवाल्याला द्या आणि त्याच्या मापाने ब्लॉक कापून घ्या. पिस्टन स्कर्टच्या खालच्या भागात, पिनच्या काटकोनात मोजतात, डोक्याशी नाही, कारण डोकं मुद्दाम लहान केलेलं असतं. ब्लॉक निकासिलचा (आतून कडक निकेलचा लेप दिलेला) असेल तर साधं बोरिंग होत नाही, तो लेप पुन्हा चढवावा लागतो किंवा ब्लॉक बदलावा लागतो. चुंबक बोअरला चिकटतं का बघा. बिडाला चिकटतं, निकासिलला नाही.

बोरिंगनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या हलक्या हाताने मोडून घेतल्या नाहीत तर रिंग अडकते. आपल्याकडे घाईत हेच राहतं, म्हणून ब्लॉक हातात घेतल्यावर प्रत्येक पोर्टच्या कडेवरून बोट फिरवून बघा. रिंग एकटी ब्लॉकमध्ये सरळ घालून टोकांमधली फट फिलर गेजने मोजा, ५० मिमी बोअरला साधारण ०.२ ते ०.३ मिमी.

मग धुणं. होनिंगची बारीक कण असलेली पूड रॉकेलने पूर्ण जात नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग वाळवून पांढऱ्या कापडाला तेल लावून बोअर पुसा. कापड राखाडी झालं तर पुन्हा धुवा.

ऑइल पंप असलेल्या गाडीत पाइपमधली हवा स्क्रू सोडून काढा, आणि पहिल्या टाकीत पंप असूनही ५०:१ मिसळलेलं पेट्रोल वापरा. पंप काम करतोय याची खात्री होईपर्यंत एवढा धूर सहन करावा. सुरू करून फिन हाताला सोसणार नाहीत इतपत तापेपर्यंत मंद चालू द्या, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. गार असतानाच हेडचे नट पुन्हा कंपनीने दिलेल्या टॉर्कला घट्ट करा. पहिल्या दोन टाक्यांत एकाच वेगाने लांब ओढू नका, थ्रॉटल कमी-जास्त करत राहा.

त्यानंतर सपाट, मोकळ्या रानवाटेवर काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन, थ्रॉटल तसाच धरून किल स्विच दाबा आणि त्याच क्षणी क्लच ओढा. प्लग काढून बघा. पोर्सेलिन फिकट तपकिरी असेल तर मेन जेट बरोबर आहे. पांढरं असेल तर तिथूनच परत फिरा, गाडी हळू न्या आणि जेट मोठा करा.